मदत हवी आहे : वाचनानंतरची चर्चा कशी घडवावी?
नमस्कार मंडळी. फोंड्यात आम्ही काही हौशी लिहिणारे दर महिन्याला जमतो, आपापली कथा किंवा ललित वाचतो. वाचन रंगतं, पण चर्चा ‘छान, आवडलं’ याच्यापुढे सरकत नाही. नवख्याचं मन मोडू नये हे खरंच, पण मग लेखन सुधारणार कसं?

अमेरिकेत १९३६ साली सुरू झालेल्या आयोवा लेखन कार्यशाळेत इतर बोलत असताना लेखकाने गप्प बसायची रीत रूढ झाली. तसं आपल्याकडे कुणी करून पाहिलंय का? आमच्यातले ज्येष्ठ दुखावतील अशी मला धास्ती वाटते. मजकूर आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर फरक पडतो का? दिवाळीला हस्तलिखित अंक काढायचाय, त्यामुळे चतुर्थीपूर्वी सांगितलंत तर फार बरं होईल.