ताळगावचं पठार, श्रावणात

गोवा विद्यापीठाच्या इमारती रुक्ष वाटतात, असं तुम्ही म्हणता. शिकत असताना माझंही सगळं लक्ष परतीच्या कदंबा बसकडेच असायचं! गेल्या श्रावणात कामानिमित्त विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावर जाणं झालं. उन्हाळ्यात जिथे पाय भाजतात, त्याच जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या पाण्याकडेने सीतेची आसवं निळीजांभळी फुलली होती. किडे खाणारी वनस्पती ही, पण दिसते किती सोज्वळ! खाली झुआरीचं मुख, पलीकडे मुरगाव. इमारतींचं म्हणाल, तर त्यांचा आराखडा सतीश गुजराल यांचा. मूळचे चित्रकार-शिल्पकार ते. हे लक्षात घेऊन एकदा बघा. मात्र पावसाळ्यातच जा. मे महिन्यात गेलात, तर तुमचंच म्हणणं खरं ठरेल.