मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या लिव्हिंग हिस्टरी ग्रुपमध्ये नवीन मेंबर व्हायचंय (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडमध्ये राहणारं कोणी रीएनॅक्टमेंट करतं का? इथल्या वाफेच्या गाड्यांच्या रेल्वेवर उन्हाळ्यात १९४० च्या दशकाचे वीकेंड असतात (सेव्हर्न व्हॅलीचा माहीत असेल बऱ्याच जणांना), तिथे युद्धकाळातले युनिफॉर्म घालून लोक तंबू ठोकून बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सगळं समजावून सांगतात. आम्ही दरवर्षी नुसते बघे म्हणून जातो. यंदा ठरवलंय की आपणच आत शिरायचं.

एका ग्रुपला मेल टाकला. ग्रुपचं नाव नको लिहायला. ते १९४४ ची ब्रिटिश इन्फंट्री करतात, म्हणजे फ्रान्समधलं नॉर्मंडी आणि त्यापुढचं. उत्तर छान आलं, या म्हणाले, आधी दोन-तीन इव्हेंट प्रोबेशनवर, मग कमिटी ठरवेल, इन्शुरन्स ग्रुपचा. इथपर्यंत सगळं ठीक. पण खाली एक ओळ होती की तुम्ही इंडियन आहात तर पगडी बांधून शीख शिपाई केलात तर फारच मस्त दिसेल, फोटोलाही चांगलं. आता मी शीख नाही, मला पगडी बांधता येत नाही, आणि दुसऱ्याच्या धर्माची खूण फोटोसाठी डोक्यावर चढवायची हे मनाला पटत नाही. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसणार हे कळतं, त्याच्या डोळ्यासमोर इंडियन आर्मी म्हटलं की तेवढंच चित्र येतं, पण मला उत्तर काय द्यावं ते सुचत नाहीये.

मला खरं तर मराठा शिपाई करायचाय. ५ वी मराठा लाइट इन्फंट्री इटलीत होती, आणि दोन व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) तिथेच मिळालेत. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा (म्हणजे ५ वी मराठाची तिसरी बटालियन), १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात. आणि शिपाई नामदेव जाधव, १/५ मराठा, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. घाडग्यांच्या सेक्शनमधली सगळी माणसं एका मशीनगनसमोर पडली तेव्हा हा माणूस एकटा धावून गेला, ग्रेनेड टाकला, टॉमी गन (हातातली छोटी मशीनगन) चालवली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच हाणलं. नंतर स्नायपरच्या गोळीने गेला. वय २२. थडगं सापडलेलं नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे. पुतळा आपल्याकडे माणगावला आहे, आणि २०२३ मध्ये इटलीत माँटोने गावात त्याच्या नावाने सनडायल उभं राहिलंय. इथल्या वीकेंडला हे नाव कधी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तर प्रश्न असे, जसे सुचतील तसे लिहितो, सांभाळून घ्या.

नॉर्मंडी करणाऱ्या ग्रुपमध्ये एकटा इटलीतला मराठा शिपाई चालतो का? का आधी साधा टॉमी, म्हणजे ब्रिटिश शिपाई, होऊन जायचं आणि एकदा ओळख झाली की हळूच विषय काढायचा? टॉमी व्हायला मला लाज वाटत नाही, पण लोक विचारणारच की तू कसा काय रेजिमेंटमध्ये.

किट किती आणि काय घ्यायचं? ऑनलाइन एक विक्रेता ‘इंडियन डिव्हिजन सेट’ म्हणून विकतोय, दंडावर लाल गरुडाचा बिल्ला. घेऊ का? बूट, हेल्मेट, बेल्ट सगळं धरलं तर शेकड्यांनी पौंड जातायत आणि बायको आधीच माझ्याकडे बघतेय.

बंदूक. मी अजून व्हिसावर आहे, पोलिसांचं काही लचांड नकोय. निकामी केलेली एनफील्ड रायफल घेता येते म्हणे. खरं आहे का?

आणि बायको. तिला यायचंय, पण डोक्याला रुमाल बांधून दिवसभर चहा ओतत उभं राहायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय. तिला काय करता येईल?

प्रतिसाद १

दादा, पहिली गोष्ट, काहीही विकत घेऊ नका. एक बटणसुद्धा नाही. प्रत्येक ग्रुपकडे नवीन माणसाला द्यायला एक्स्ट्रा किट असतं, थोडं ढगळं, थोडं कुबट वासाचं, पण पहिले इव्हेंट त्यात निघतात. लोकांनी हौसेने आधी खरेदी केलेली बघितलीये, मग कोणीतरी बटणमोज्या येतो आणि सांगतो की अहो हे तर ४९ पॅटर्नचं (१९४९ चं), युद्धानंतरचं, कॉलर उघडी आहे बघा. हेल्मेटचंही तसंच. मार्क थ्री हे नॉर्मंडीच्या सुमारास आलं, तुमच्या शिपायाला मार्क टू लागेल, तो चपट्या ताटासारखा.

लाल गरुड घेऊ नका. तो चौथ्या इंडियन डिव्हिजनचा. ३/५ मराठा इटलीत दहाव्या डिव्हिजनमध्ये होती आणि १/५ आठव्यात. विक्रेत्याला काय, इंडियन म्हटलं की गरुड चिकटवायचा.

प्रतिसाद २

मी इथे बरीच वर्षं करतोय, ब्रिटिश इन्फंट्रीच, त्यामुळे किटचं बोलतो. तुमच्या सुदैवाने दोन्ही सोंगांचं बरंचसं सामान एकच आहे. ३७ पॅटर्न वेबिंग, म्हणजे बेल्ट, पाऊच, खांद्याचे पट्टे, पाठीवरची छोटी पिशवी, हे टॉमीलाही तेच आणि मराठ्यालाही तेच. मार्क टू हेल्मेट तेच. खिळेवाले अ‍ॅम्युनिशन बूट तेच. इटलीत उन्हाळ्याला खाकी ड्रिल (सुती वर्दी) आणि थंडीला लोकरीचा बॅटलड्रेस, म्हणजे बॅटलड्रेससुद्धा वाया जात नाही. वेगळं काय, तर बिल्ले आणि पुढे-मागे एक खाकी ड्रिलचा जोड. आधी वेबिंग आणि बूट चांगले घ्या, बाकी उसनं. बूट मापाचेच घ्या, त्यात काटकसर नको. दिवसभर उभं राहायचं असतं आणि प्लॅटफॉर्मच्या गुळगुळीत दगडावर ते खिळे असे सरकतात की पहिल्या दिवशी सगळे बदकासारखे चालतात.

वेबिंगला ब्लँको (रंगाची वडी) लावायला शिका, ग्रुपमध्ये मान मिळवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पट्टा आधी ओला करायचा, ब्रश ओला करून वडीवर फिरवायचा, पातळ थर विणीत जिरवायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. जाड लावला तर वाळल्यावर पोपडे निघतात आणि पँटभर हिरवी भुकटी. पितळेवर जाऊ द्यायचा नाही, गेला तर पुसत बसा.

बंदुकीचं. नीट निकामी केलेली आणि सर्टिफिकेट असलेली रायफल घ्यायला लायसन्स लागत नाही. सर्टिफिकेट नसेल तर हातसुद्धा लावू नका, आणि जुन्या पद्धतीने निकामी केलेल्यांच्या विक्रीवर आता बंधनं आहेत, म्हणून ओळखीच्या डीलरकडूनच. ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या आवाजाचं काडतूस) उडवणारी हवी असेल तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, त्या फंदात एवढ्यात पडू नका. आणि निकामी असली तरी ती उघड्यावर मिरवायची नाही! सबळ कारण नसताना नकली बंदूकसुद्धा सार्वजनिक जागी बाळगणं इथे गुन्हा आहे. केसमध्ये बंद, गाडीच्या डिकीत, आणि बाहेर काढायची ती इव्हेंटच्या आवारात. ट्रेनने जाणार असाल तर घरीच ठेवा, ग्रुपवाले एखादी हातात देतात.

प्रतिसाद ३

मला हा प्रकारच कळत नाही. आपली पोरं साहेबाच्या लढाईत मेली, इकडे १९४३ ला बंगालमध्ये लोक भुकेने मरत होते, आणि तुम्ही तीच वर्दी हौसेने घालून साहेबाच्याच जत्रेत उभं राहणार? घाडग्यांबद्दल आदर आहेच, पण हे नाटक कशाला.

धागाकर्ता

राग समजतो. घरी वडीलही साधारण हेच म्हणाले, फक्त जास्त मोठ्याने. पण मी तिथे उभा राहिलो तरच बंगालबद्दल कोणी विचारेल ना? आत्ता तिथे जे चित्र आहे त्यात ना घाडगे आहेत ना दुष्काळ, नुसते गोरे पॅराट्रूपर आणि जॅमचे डबे. अडीच मिलियन लोक होते इंडियन आर्मीत, सगळे स्वखुशीने भरती झालेले, आणि कोणी पोटासाठी गेलं, कोणी घराण्याची रीत म्हणून. हेही सांगता येईल की. नाही जमलं तर सोडून देईन, बेड्या थोड्याच आहेत.

प्रतिसाद ४

वहिनींबद्दल लिहिते, कारण मी याच चहाच्या टेबलवरून सुटलेय. मी एआरपी वॉर्डन करते, म्हणजे हवाई हल्ल्यांच्या वेळी लोकांना सावध करणारी स्वयंसेवक. डब्ल्यू लिहिलेलं हेल्मेट, दंडाला पट्टी, शिट्टी, आणि गॅसचा इशारा द्यायचा तो लाकडी खुळखुळा. खर्च सैनिकाच्या मानाने किरकोळ आणि पोरं तर खुळखुळ्यासाठी रांग लावतात. आणि ‘इंडियन वॉर्डन कुठून आला’ विचारलं की उत्तर तयार आहे, व्ही. के. कृष्ण मेनन लंडनमध्ये सेंट पँक्रसला नगरसेवक होते आणि बॉम्बहल्ल्यांच्या काळात एअर रेड वॉर्डनचं कामही केलं. तुम्हालासुद्धा चालेल हे सोंग, मराठा किट जमेपर्यंत.

युनिफॉर्मच हवा असेल तर नूर इनायत खान १९४० ला इथल्या डब्ल्यूएएएफमध्ये (हवाई दलाचा महिला विभाग) भरती झाली होती, म्हणजे निळ्या-करड्या युनिफॉर्ममधली भारतीय बाई हे काही बळंच नाही. आणि साडीच हवी असेल तर रॉयल इंडियन नेव्हीच्या महिला विभागातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या नौदल तळावर आल्या होत्या, त्यांचा साडीतला फोटो प्रसिद्ध आहे. तो प्रिंट करून टेबलावर ठेवा, वाद घालणारे गप्प होतात.

एक महत्त्वाचं. लोक हौसेने जुने गॅसमास्क आणतात. ते तोंडाला लावायचे नाहीत, पोरांना तर मुळीच नाही, त्या काळच्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पुठ्ठ्याचा खोका खांद्याला अडकवा आणि आत डबा-बिबा ठेवा.

रेशनचं पाठ करून जा, फार विचारतात. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेपासून सुरू झालं, आणि पूर्ण संपलं ४ जुलै १९५४ ला. शाकाहारी माणसाला मांसाचं रेशन सोडलं तर जास्त चीज मिळायचं, हे मी सांगते तेव्हा गोरे लोक सगळ्यात जास्त चकित होतात.

प्रतिसाद २

पगडीचं राहिलंच. सरळ लिहा की मी शीख नाही, माझ्या भागातली रेजिमेंट मराठा होती, आणि तिच्यासाठी वाचन करून येतोय. सोबत घाडगे आणि जाधव यांची सायटेशन (पदकाबरोबरचं पराक्रमाचं अधिकृत वर्णन) जोडा. जाधव कंपनी रनर (निरोप पोचवणारे) होते, जखमींना खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून आणलं, हाताला जखम होऊन टॉमी गन धरता येईना तर ती टाकून ग्रेनेड घेतले, आणि शेवटी बांधावर चढून रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. हे वाचून ‘नको’ म्हणणारा सेक्रेटरी मी अजून पाहिलेला नाही. पदकं मात्र लावू नका, रिबनसुद्धा नाही. साधा शिपाई व्हा. व्हीसीवाल्याचं सोंग कोणी काढत नाही, आणि तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या फौजींना ते पहिल्या नजरेत दिसतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गरुड कॅन्सल. आज रात्री मेल लिहितो, सायटेशन जोडून. बायकोने खुळखुळा हे नाव ऐकूनच होकार दिलाय, आता तो कुठे मिळतो ते तेवढं सांगा ताई.

प्रतिसाद ४

फुटबॉल मॅचला वाजवायचे जुने लाकडी मिळतात ना, कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) बघा, आकार तोच असतो. फक्त वाजवून बघून घ्या, दाते झिजलेले असले तर नुसता फिरतो.