मदत हवी आहे : कोकणातल्या पावसाळ्यासाठी खुराड्यात खाली काय पसरावं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. घरामागे चाळीस कोंबड्या आहेत, निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज या सुधारित जातीच्या. आतापर्यंत रात्री त्या गोठ्याच्या कोपऱ्यात बसायच्या, थोड्या डालग्याखाली. यंदा त्यांच्यासाठी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, बारा बाय दहा फुटांची वेगळी खोली बांधली. वर कौलं, खाली कोबा, दोन बाजूंना कमरेएवढी भिंत आणि त्यावर जाळी. आगोटीची कामं सुरू झालीत, म्हणजे हातात जेमतेम महिना-दीड महिना आहे. तेवढ्यात खाली गादी कशाची घालायची ते ठरवून माल भरून ठेवायचा आहे.

गादी पद्धतीबद्दल, म्हणजे जमिनीवर भुशासारख्या मालाचा जाड थर पसरून त्यावर पक्षी ठेवण्याबद्दल, जे वाचायला आणि व्हिडिओत बघायला मिळतं ते बहुतेक घाटावरच्या शेडचं असतं. तिथे सल्ला सोपा : गादी ओली झाली की बाहेर काढा, उन्हात वाळवा, परत पसरा. आमच्याकडे मृग लागला की गणपतीपर्यंत अंगावरचे कपडे वाळत नाहीत, गादी कुठे वाळवणार? कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाऊस थांबला तरी हवेतली ओल हटत नाही. चिरा तर पाणी पितो. म्हणून "कोणता माल पाणी जास्त शोषतो" याच्यापेक्षा "कोणता माल शोषलेलं पाणी ऊन नसताना सोडतो" हे मला जास्त महत्त्वाचं वाटतंय.

छत अजिबात गळलं नाही असं धरलं तरी कोंबड्या स्वतःच गादी ओली करतात. ताज्या विष्ठेत साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. एका अंड्याच्या कोंबडीची दिवसाची विष्ठा शंभर ग्रॅमच्या पुढेच जाते. चाळीस पक्ष्यांचा हिशोब केला तर रोज किमान तीन लिटर पाणी त्या गादीत उतरणार, वर पाण्याच्या भांड्यातून सांडेल ते वेगळं. पावसात त्या दिवसभर आतच राहणार, त्यामुळे हा बोजा पूर्ण गादीवर.

आता आमच्या भागात काय मिळतं ते सांगते.

तूस, म्हणजे भाताचं वरचं टरफल, सगळ्यात सहज मिळतो. भातगिरणी जवळ आहे, गोणी घेऊन गेलं की भरून देतात. तुसाबद्दल माझं निरीक्षण असं की तो पाणी फारसा धरत नाही, पण मोकळा राहतो, वारा आत शिरतो आणि पटकन कोरडा होतो. अडचण गिरणीची आहे. आमच्या गिरणीत जुना हलर आहे. त्यात तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो, तूसही चुरडलेला असतो. कोंड्यात तेल असतं, त्याला ओल लागली की बुरशी येते, किडे होतात, आणि कोंबड्या तो निवडून खातात. गुरांना घालायला तो उत्तम. खुराड्यात पसरायला मला धीर होत नाही.

दुसरा पर्याय काथ्याचा भुसा. नारळाची सोडणं आमच्याकडे घरचीच ढिगाने पडलेली असतात आणि काथ्याचा बारीक भुसा थोडं फिरलं तर मिळतो. तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, म्हणून रोपवाटिकावाले वापरतात. रोपाला जे हवं तेच कोंबडीला नको आहे, ही माझी शंका. जुलैत तो एकदा भरला की रिकामा कधी होणार? शिवाय खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा भुसा असेल तर त्यात मीठ असतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. तरीही काही जण काथ्याचीच शिफारस करतात, तेव्हा ज्यांनी आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर वापरला आहे त्यांचं मत मला फार मोलाचं आहे.

सुताराकडचा रंध्याचा भुसा, म्हणजे ती गुंडाळलेली सालपटं, मिळू शकतात, पण थोडीच. ती हलकी असतात, पाणीही बऱ्यापैकी शोषतात. वखारीतला करवतीचा बारीक भुसा मात्र नको वाटतो. त्याची धूळ पक्ष्यांच्या नाकात जाते, पिल्लं तो दाणा समजून खातात, आणि ओल्या लाकडाचा असेल तर गोणीतच बुरशी धरून येतो. प्लायवूडचा किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा तर कुठल्याच परिस्थितीत आत नेणार नाही.

पेंढा गुरांना लागतो. पातेरा फुकट आहे, पण आंब्या-काजूची पानं पाणी शोषत नाहीत, एकावर एक चिकटून थर होतो आणि त्याखाली सगळं कुजतं. एका शेजाऱ्यांनी पुळणीवरची वाळू सुचवली. ती खारट, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं मुळात योग्यही नाही, त्यामुळे तो विषय मी सोडला.

सासूबाई म्हणतात, चुलीची राख पसर. डालग्याखाली त्या इतकी वर्षं तेच करत आल्या आणि पक्षी चांगले राहिले. पण डालगं रोज सकाळी उचललं जातं, जागा झाडली जाते. चोवीस तास भरलेल्या खोलीत राख ओली झाली की तिचा लगदा होतो. म्हणून राखेचा मान ठेवून एका कोपऱ्यात पत्र्याखाली कोंबड्यांच्या धूळ-अंघोळीसाठी राख आणि कोरडी माती ठेवणार आहे. उवा-पिसवांवर त्याचा खरंच उपयोग होतो.

तर जाणकारांना माझे प्रश्न : तूस, काथ्या आणि सालपटं यांत आपल्या हवेला काय टिकतं, की मिश्रण करावं? गादी किती जाड घालावी? आणि वास यायला लागला तर चुना मिसळावा का? इथे दोन मतं ऐकलीत. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका घरी रक्ती हगवणीने पिल्लं गेली. ती बघितल्यापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

प्रतिसाद, चिपळूणहून :

ताई, तुम्ही प्रश्न बरोबर जागी धरलाय. माझी ब्रॉयलरची शेड आहे, वर्षभर तुसावरच चालते. हलरचा माल घेऊ नका. रबर रोलची शेलर गिरणी शोधा, तिथे तूस वेगळा पडतो, अख्खा आणि स्वच्छ. आमच्या बाजूला अशा गिरण्या आहेत, तुमच्याकडेही थोड्या अंतरावर सापडेल. गोणीत हात घालून मूठभर काढा आणि हाताला पीठ चिकटतं का बघा. चिकटलं तर त्यात कोंडा आहे.

जाडी सुरुवातीला चार इंच. तुमच्या १२० चौरस फुटांना ४० घनफूट माल लागेल, म्हणजे साधारण सव्वाशे किलो तूस. तेवढाच आणखी माळ्यावर कोरडा भरून ठेवा, कारण पावसाळ्यात मागायला गेलात तर गिरणीतला तूसही दमट मिळतो. दर थोड्या दिवसांनी वर पातळ थर देत गेलात की सप्टेंबरपर्यंत गादी आठ इंचांवर जाईल.

आणि गादी आत्ताच घाला, पाऊस पडायची वाट बघू नका. गादीतले जिवाणू कामाला लागायला दोनेक महिने जातात. कोरड्या दिवसांत सुरुवात झाली तर पावसात ती स्वतःची थोडी ऊब धरते आणि विष्ठा जिरवते. जूनमध्ये नवी घातलेली गादी नुसती भिजते.

प्रतिसाद, मालवणहून :

तूसच घेवा. काथ्याचो भुसो आमी घातललो, पावसात त्येचो चिखल झालो. माडाच्या विणलेल्या झावळांची झापां लावा जाळीक, पण वरसून वीतभर उघडां ठेवा, वारो जाव्क व्हयो.

प्रतिसाद, दापोलीहून :

वरच्या दोघांशी सहमत आहे, चुन्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे बऱ्याच जणांचं नुकसान होतं.

खुराड्यातला झोंबणारा वास अमोनियाचा. विष्ठेतलं युरिक अॅसिड ओलीत कुजलं की तो तयार होतो. चुना अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी गादीतून अमोनिया अधिक सुटतो. म्हणजे वास सुटलेल्या ओल्या गादीत चुना कालवला तर त्या दिवशी वास वाढतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. राखेचंही तेच. चुन्याची जागा गादीच्या खाली : खोली रिकामी असताना कोबा धुवा, पूर्ण वाळू द्या, चुना मारा, तोही वाळला की मग तूस. वास आल्यावर उपाय एकच, ओले गोळे फावड्याने बाहेर, खालवर हलवणं आणि कोरडा माल वर.

हवेत २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर अमोनिया गेला की पक्ष्यांच्या श्वासनलिकेला इजा होते. माणसाचं नाक त्या वासाला लवकर सरावतं, म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. उभ्याने घेतलेल्या वासावर विसंबू नका.

ओल ओळखायला मूठ-परीक्षा करा. गादीची मूठ आवळून सोडा. लाडू तसाच राहिला तर ओल फार झाली. हलकेच भुगा झाला तर ठीक. अजिबात धरलीच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी, पण ती वेळ आपल्याकडे जुलैत येणार नाही.

रक्ती हगवणीचं म्हणाल तर ती एका परजीवीमुळे होते, आणि त्याची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात. आपला पावसाळा त्यांना हवा तसाच. ऊब तुम्हाला काढून घेता येणार नाही, हवा बंद करता येणार नाही, हातात फक्त ओल आहे. पिल्लं मोठ्या पक्ष्यांच्या गादीवर सोडू नका, त्यांना नवा कोरडा तूस, दोन इंच, आणि पहिले काही दिवस त्यावर कागद. बुरशीचा वास येणारी गोणी कितीही स्वस्त असली तरी परत करा. बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात गेले की त्यावर औषध नाही.

प्रतिसाद, देवगडहून :

गादीचा एवढा व्याप कशाला? बांबूचा माच करा, बोटभर फटी ठेवून, जमिनीपासून तीन फूट वर. विष्ठा खाली पडते, पक्षी कोरडे राहतात. आमच्या बागेत मांगराला, म्हणजे बागेतल्या झोपडीला, लागून तसाच आहे. खालचं खत कलमांना जातं. फक्त लोखंडी जाळीचा माच करू नका, खाऱ्या वाऱ्यात ती गंजते आणि पायांना फोड येतात.

धागाकर्तीचं उत्तर :

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मला कुठेही मिळालं नव्हतं.

देवगडच्या दादा, माच मला पटतो, आणि कोरं बांधायचं असतं तर मी तोच केला असता. पण खोली उभी आहे, उंची कमी आहे. त्यातला अर्धा भाग मात्र घेते. रात्रभराची विष्ठा बसायच्या दांड्यांखालीच जास्त साठते. दांड्यांखाली बांबूचा छोटा माच आणि त्याखाली सरकवता येणारं फळकूट ठेवणार, रोज सकाळी खरवडून थेट खताच्या खड्ड्यात. म्हणजे त्या तीन लिटरांतला मोठा वाटा गादीपर्यंत पोचणारच नाही.

बाकी जागेत शेलरचा तूस, आणि सुताराकडून मिळतील तेवढी सालपटं पाण्याच्या भांड्याभोवती, कारण तिथेच शोषण्याची गरज जास्त. भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. काथ्या बाद. मालवणच्या दादांचा अनुभव त्याला पुरेसा आहे. चुना या आठवड्यात कोबा वाळला की.

एक शंका उरली. पश्चिमेच्या जाळीवर पाऊस आडवा मारतो, आणि पागोळीचं पाणीही तिथेच उडतं. झापं वीतभर उघडी ठेवली तर तेवढ्यातून झड येणार नाही का?

प्रतिसाद, मालवणहून :

येतली. म्हणान पश्चिमेक झाप पुरां खालपर्यंत बांधा आणि वीतभर उघडां पूर्वेक ठेवा. कौलांची पागोळी दीड-दोन फूट पुढे काढा, भिंतीच्या बुडाक चर मारा. पाणी भिंतीत शिरलां तर तूस खालसून भिजता, वरसून कळणा नाय.