मिशनसाठी केनियाला जातोय, मुलांना न्यावं का? कोणी कुटुंबासकट गेलंय का?

वास्कोची_आई
सलाम सगळ्यांना. आम्ही मूळचे नगरकडचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे १४ वर्षं झाली वास्कोला आहोत. आमच्या चर्चच्या मंडळीतून मे महिन्यात काही जण केनियाला चाललेत, किसुमूपासून दीड-दोन तासांवर एका गावात तिथल्या चर्चची शाळा आहे तिकडे, तीन आठवडे. मी बालवाडीत शिकवते आणि मिस्टर वायरिंगचं काम जाणतात म्हणून पास्टरांनी आम्हाला विचारलं, आम्ही दोघांनी महिनाभर प्रार्थना केली आणि हो म्हटलं. मुलगी १३ ची आहे, मुलगा ७ चा.

आता प्रश्न मुलांचा. मलेरियाची भीती वाटते हे एक. दुसरं म्हणजे सासूबाई म्हणाल्या, सेवाच करायची तर इथे बायन्याच्या वस्तीत कर, दहा मिनिटांवर आहे, त्यासाठी समुद्र ओलांडून लेकरांना कशाला नेतेस. त्या रागाने नाही बोलल्या, मनापासून विचारलं, आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही. रात्री झोप लागत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

मडगावचे_आम्ही_चौघे
ताई, आम्ही २०२३ च्या मे मध्ये त्याच भागात होतो, मी, बायको, मुलगी १२ ची आणि मुलगा ९ चा. न्या मुलांना असंच सांगेन, पण आमच्या चुका आधी ऐका.

पहिली चूक, आम्ही दोन मोठ्या बॅगा भरून जुने कपडे नेले. शाळेतल्या मुलांना वाटू म्हटलं. तिथे पोचल्यावर आठवडी बाजारात गेलो तर अर्धा बाजार वापरलेल्या कपड्यांचाच, मितुंबा म्हणतात त्याला, परदेशातून गठ्ठेच्या गठ्ठे येतात. आणि शाळेच्या फाटकासमोर एक बाई पायाच्या मशीनवर मुलांचे युनिफॉर्म शिवत बसायची, तिचं घर त्याच्यावर चालतं. तिथले पास्टर फार हळू आवाजात म्हणाले की कपडे नकोत, त्याच पैशात हिच्याकडून दहा युनिफॉर्म शिवून घ्या. मला इतकी लाज वाटली. तर ताई, इथून सामान नेऊ नका, काय लागतं ते आधी त्यांना विचारा आणि शक्यतो तिथेच विकत घ्या. आणि प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत अजिबात ठेवू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे, कडक आहे. आम्ही खाऊ सगळा पिशव्यांत बांधलेला, विमानतळावर उतरून सगळं परत भरावं लागलं.

शिकवायचं म्हणाल तर तुमच्या मनात जेवढं आहे तेवढं होणार नाही. मे म्हणजे तिकडे पावसाचेच दिवस, वर्गाला पत्रे, दुपारी एकदा सर सुरू झाली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मग मुलं गायला लागतात. पावसाच्या वर चढून गातात अक्षरशः. माझी मुलगी पहिले चार दिवस भिंतीला चिकटून उभी असायची, पाचव्या दिवशी तिला मधे ओढलं आणि मग ती आम्हाला दिसेचना. तिकडची भाषा लुओ, देवाला न्यासाये म्हणतात, आभार मानायचे तर एरोकामानो, हे तिने आमच्याआधी उचललं. बायकोला स्वयंपाकघरात जागा मिळाली कारण चपाती त्यांच्याकडेही चपातीच, चहालाही चायच म्हणतात, फक्त त्यांची चपाती तेल लावून गुंडाळून पदराची करतात. तळ्यातले बारीक सुके मासे असतात, ओमेना, टोमॅटो कांद्यात करतात, आपल्या सुक्या मासळीसारखाच वास, आम्हाला तर घरचं वाटलं.

एक रविवार सांगतो. उपासना साडेतीन तास. दानाच्या वेळी ज्याच्याकडे पैसे नाहीत तो केळी आणतो, अंडी आणतो, आणि उपासना संपली की त्याचा तिथेच लिलाव होतो, पैसे चर्चला. एका म्हाताऱ्या बाईने चार अंडी आणलेली, फडक्यात गुंडाळून. तीच बाई आम्ही निघालो त्या दिवशी सकाळी जिवंत कोंबडी घेऊन आली, पाय दोरीने बांधलेले, आणि ती सरळ माझ्या मुलीच्या काखेत दिली. मी नको नको म्हणायला लागलो तर पास्टरांनी माझा हात दाबला, म्हणाले पाहुण्याला दिलेली कोंबडी परत करायची नसते. मुलगी गाडीत बसेपर्यंत रडत होती. चार अंडी देवाला देणाऱ्या बाईकडे आणखी किती कोंबड्या असतील हा हिशोब तिने मनात केला होता, आम्ही कोणी तिला शिकवला नव्हता.

आता मलेरिया. गोळ्या जाण्याआधी सुरू होतात हे सगळ्यांना माहीत असतं पण परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही गोळ्या आठवडाभर, काही चार आठवडे. आम्ही घरी आलो, शाळा, पाऊस, सगळं सुरू झालं आणि मुलाच्या गोळ्या राहिल्या. बाराव्या दिवशी ताप. जवळच्या एका दवाखान्यात व्हायरल म्हणून तीन दिवस औषध दिलं, गोव्यात आता मलेरिया इतका कमी आहे की डॉक्टरांच्या पटकन डोक्यात येत नाही, आणि आफ्रिकेतून आलोय हे आम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं नाही. रक्त तपासलं तेव्हा फॅल्सिपेरम निघाला, धोकादायक जात. पाच दिवस ॲडमिट. प्रभूच्या कृपेने वाचला. म्हणून घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य हेच बोला की आम्ही केनियाहून आलोय, मलेरियाची टेस्ट करा.

फोंडा_सिस्टर
मी नर्स आहे, दादांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. त्यात यलो फीवरच्या लसीचं घालते, डासांमुळे होणारा ताप आहे हा, कारण यात खूप लोक अडकतात. इथून थेट केनियाला जाताना तिकडचे लोक लसीचं कार्ड मागत नाहीत म्हणून लोक लस घेत नाहीत, आणि परत येताना आपलाच देश मागतो. कार्ड नसलं तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. तुम्ही वास्कोलाच आहात, पोर्ट हेल्थच्या, म्हणजे बंदरावरच्या सरकारी आरोग्य ऑफिसात चौकशी करा, ठराविक दिवशीच देतात. मुलाची दुसरी कुठली लस राहिली असेल, गोवर वगैरे, तर आधी सांगा, त्या एकाच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. ६० च्या वरचं कोणी बरोबर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि मच्छरदाणी औषध लावलेलीच घ्या, मुलांना संध्याकाळी लांब बाह्या.

बाणावलीकर
आम्ही कॅथलिक, तुमची मंडळी वेगळी, तरी लिहितो. सासूबाईंचा प्रश्न वाचून मला आमच्या गावचे संत जुझे वाझ आठवले. १६५१ मध्ये बाणावलीत जन्म, वडिलांचं घर सांकवाळला, म्हणजे तुमच्या शेजारीच. १६८७ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला गेले, तिकडे डचांनी कॅथलिक पाद्रींवर बंदी घातलेली, म्हणून मजुराच्या वेषात गेले, आजारी पडले, भीक मागितली. तिथल्या कँडी शहरात हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. सिंहली आणि तमिळ शिकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, माणसं आपल्याच आजारी माणसांना टाकून पळत होती तेव्हा हे राहिले आणि त्यांना धुवून पुसून जेवू घातलं. १७११ मध्ये तिथेच वारले, गोव्यात परत आलेच नाहीत. गोव्यात तेव्हा गरीब नव्हते असं थोडंच आहे. पण त्या लोकांकडे कोणी पाद्री उरला नव्हता म्हणून ते गेले. तुम्हाला तिकडच्यांनी बोलावलंय ना, की इथल्यांनीच ठरवलंय? माझ्या मते एवढंच बघा.

वास्कोची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, दादांचं वाचताना रडले. बाणावलीकर, तुमचा प्रश्न मी तसाच पास्टरांना विचारला, त्यांनी तिकडच्या हेडमास्तरांना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दोन वर्गांचं वायरिंग उघडं पडलंय, लहान वर्गाच्या बाईंना बाळंतपणाची रजा हवीये आणि बदली माणूस नाही, आणि येताना काही आणू नका. बाईंचं ऐकलं आणि माझं ठरलं. सासूबाईंना सांगितलं, त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या मोठीला ने, धाकट्याचं डॉक्टर म्हणतील तसं कर, आणि आल्यावर बायन्याला माझ्याबरोबर चल. मी हो म्हटलंय.

सिस्टर, मुलाची गोवरची लस गेल्याच आठवड्यात झाली, म्हणजे यलो फीवरला अजून तीन आठवडे थांबायचं ना?

फोंडा_सिस्टर
हो, थांबा. तारीख लिहून ठेवा आणि लसीचं जुनं कार्ड बरोबर न्या.