प्रत्येक टीमला एनीयूआयडी वाटत सुटायचं का?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर):
ओपनशिफ्ट म्हणजे कंटेनर (लागणाऱ्या फायलींसह बांधलेले प्रोग्राम) चालवणारी यंत्रणा. तिचं क्लस्टर, म्हणजे सर्व्हरांचा गट, सांभाळणं हे माझं रोजचं काम. दर आठवड्याला एक तिकीट ठरलेलं असतं: 'लॅपटॉपवर कंटेनर चालतो, तुमच्याकडं पडतो, एनीयूआयडी द्या.' एनीयूआयडी म्हणजे कंटेनरला हवा तो यूजर नंबर (यूआयडी) घेऊ देणारी परवानगी, अगदी सगळे हक्क असलेल्या रूट यूजरचासुद्धा. ती मी देत नाही, आणि कुणीच देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

अशा परवानगीशिवाय ओपनशिफ्ट कंटेनरला रूट म्हणून चालू देत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला दहा हजार यूआयडींचा पट्टा नेमून दिलेला असतो, त्यातला एक, उदाहरणार्थ १०००६८००००, प्रोसेसला मिळतो. इमेजमधल्या (कंटेनर ज्या साच्यातून उठतो त्यातल्या) फायली मात्र रूटच्या नावावर. मग एनजिनएक्स या वेब सर्व्हरला स्वतःचं कॅशे फोल्डर बनवता येत नाही आणि लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसतं. तोडगा दोन ओळींचा आहे. प्रोसेसचा ग्रुप कायम ० असतो, म्हणून लिहायची फोल्डरं ग्रुप ० च्या नावावर करा आणि मालकाला जे हक्क तेच ग्रुपला द्या. सामाईक विहिरीसारखं: मालकी कुणाचीही असो, पाणी घ्यायचा हक्क आपला. पोर्ट ८० ऐवजी ८०८० ठेवा. झालं.

मांजराकाठ (लातूर):
दादा, दोन ओळी तुमच्या. आमच्याकडं आडत दुकानांचं, पट्टी (शेतमाल विक्रीच्या हिशोबाचा कागद) काढायचं सॉफ्टवेअर आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की सौदा निघाल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडेपर्यंत मध्ये कुणाला थांबायला वेळ नसतो. गेल्या हंगामात प्रिंट सर्व्हिस याच कारणानं अडीच तास बंद होती. इमेज दुसऱ्या कंपनीची, ती आम्हाला बदलता येत नाही. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत तिकिटावर उत्तर: 'इमेज दुरुस्त करा.' कशी करणार?

आणि पोस्टग्रेस या डेटाबेसला तुमची विहीर चालत नाही. डेटा फोल्डरचा मालक आणि सर्व्हर चालवणारा यूआयडी एकच नसेल तर तो सुरूच होत नाही. आम्ही व्हॉल्यूमचा (डेटा साठवायच्या डिस्कचा) बॅकअप दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये उतरवला. तिथला पट्टा वेगळा, फायली जुन्या नंबरच्या. ग्रुप ० नं काय साधलं?

गोदाकाठ:
पोस्टग्रेसचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण त्यासाठीही एनीयूआयडी लागत नाही. नॉनरूट-व्ही२ नावाचं एससीसी (कंटेनरला काय करू द्यायचं ते ठरवणारा नियमसंच, एनीयूआयडीही तसाच एक) आहे. त्यात रूट सोडून हवा तो नंबर घेता येतो. डेबियनवर बनलेल्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजचा ९९९ असतो, तोच दोन्ही प्रोजेक्टमध्ये लिहा, बॅकअप कुठंही उतरवा.

रूटला एवढं का भ्यायचं, तेही सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममधली त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०१९-५७३६. कंटेनरमधल्या रूटला खाली होस्टवरची (मूळ मशीनवरची) रनसी फाइलच बदलता येत होती. म्हणजे एका दुकानाच्या पॉडमधून (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गठ्ठ्यातून) अख्ख्या नोडवर (सर्व्हरवर) ताबा, आणि त्याच नोडवर बाकीच्या दुकानांचा हिशोब.

बालाघाट (बीड):
२०१९ किती दिवस पुरवणार? ओपनशिफ्ट ज्यावर उभं आहे त्या कुबरनेटीसमध्ये १.३३ पासून यूजर नेमस्पेस (आतले यूजर नंबर बाहेर वेगळे धरायची सोय) मुळातच चालू आहे. आतला रूट बाहेर साधा नंबर ठरतो. हा वाद लवकरच संपेल, तोवर पोरांना का अडवून ठेवायचं?

गोदाकाठ:
सोय चालू असणं आणि तुमच्या पॉडला ती लागू होणं यात फरक आहे. पॉडमध्ये होस्टयूजर्स: फॉल्स लिहावं लागतं, खालचा कर्नल आणि रनटाइमही तेवढा नवा लागतो. तुमच्या किती पॉडमध्ये ती ओळ आहे?

'तोवर' या शब्दाचंच मला भ्या वाटतं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये मी बघितलं: कुणीतरी घाईत डिफॉल्ट सर्व्हिस अकाउंटलाच (पॉड ज्याच्या हक्कांवर चालतो त्या खात्यालाच) एनीयूआयडी देऊन ठेवलेलं. देणारा नोकरी सोडून गेलेला. दोन वर्षांत तिथं आलेला, वेगळं अकाउंट न लिहिलेला प्रत्येक पॉड त्याच हक्कावर उभा. रात्रीचा फायली साफ करणारा जॉबसुद्धा रूट म्हणून चालत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

मांजराकाठ:
ही चूक आमच्याकडंही असेल, आजच बघते. पण माझं म्हणणं सोडत नाही. बाहेरची इमेज रूटशिवाय उठतच नसेल तर हंगामात परवानगी मिळालीच पाहिजे. त्या एका पॉडपुरतं वेगळं सर्व्हिस अकाउंट काढा, तारीख टाका, हंगाम संपल्यावर काढून घ्या. आणि हे ऑगस्टमध्ये ठरवा, रांग लागल्यावर नको.

गोदाकाठ:
ताई, वेगळं अकाउंट आणि परत घ्यायची तारीख असेल तर मी सही करतो. त्या कंपनीला नॉनरूट इमेज मागणारं पत्र मात्र तुमच्याकडून जाऊ द्या, गिऱ्हाईक तुम्ही आहात. प्रिंट सर्व्हिस कुठल्या फोल्डरात लिहिते तेवढं कळवा. एकच स्पूल फोल्डर (छपाईच्या रांगेतल्या फायलींचं) असेल तर तिथं एम्प्टीडिर (पॉडपुरतं तात्पुरतं रिकामं फोल्डर) लावून आधी रूटशिवाय चालवून बघू.

मांजराकाठ:
स्पूल आणि एक लॉग फोल्डर, दोनच. उद्या सकाळी टेस्ट प्रोजेक्टमध्ये लावते.