घरासाठी जनरेटर ३ केव्हीए घ्यावा की ५?

मदत हवी आहे. धायरीत राहतो, सिंगल फेज मीटर. वडिलांना ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, त्यामुळे लाईट गेली की जीव टांगणीला लागतो. इन्व्हर्टर आहे, पण गेल्या गुरुवारी दुपारपर्यंत लाईट आलीच नाही, बॅटरीने मान टाकली आणि शेवटचा अर्धा तास सिलिंडरवर काढला.

प्रत्येक यंत्राची प्लेट वाचून बेरीज केली: कॉन्सन्ट्रेटर ३५०, फ्रिज २००, चार पंखे ३००, दिवे-वायफाय १००, म्हणजे ९५० वॅट. एसी, गीझर चालवायचा नाही. घोडं अडतं ते टाकीवर पाणी चढवणाऱ्या १ एचपी मोटारीपाशी. चालताना ती ११०० वॅटच्या आसपास घेते, सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या कितीतरी पट. एक दुकानदार ३ केव्हीए पुरेल म्हणतो, दुसरा ५ च घ्या म्हणतो. ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष वॅट म्हणून कामी येणारा हिस्सा) धरला तर ३ केव्हीएचे २४०० वॅटच होतात.

जनरेटर मागच्या अंगणात, खिडक्यांपासून लांब ठेवणार. चेंजओव्हर स्विच (घराचा पुरवठा मीटरच्या लाईनवरून जनरेटरवर वळवणारा) इलेक्ट्रिशियनच बसवेल.

फ्रिज बंद ठेवून मोटार लावली तर ३ केव्हीए तो झटका सोसेल का? की त्या क्षणी व्होल्टेज पडून कॉन्सन्ट्रेटरच बंद पडेल? घरी असा जोड कुणी चालवलाय का?