वीज वारंवार जाते तिथे टोरेंटसाठी कोणता क्लायंट घ्यावा?

कपाशीचे_गाव:
आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. गावच्या अभ्यासिकेतील पाच जुन्या संगणकांवर उबुंटू २४.०४ ही (विंडोजसारखी, पण मोफत) ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचे ठरले आहे. सुमारे ६ जीबीची ती फाईल मी ब्राउझरमधून दोनदा उतरवायला घेतली आणि दोन्ही वेळा मध्येच वीज गेल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून एक टोरेंट क्लायंट (इतरांच्या संगणकांवरून फाईल तुकड्यातुकड्यांनी उतरवणारा प्रोग्राम) घेतला, तर त्याच्यासोबत न मागितलेला अँटिव्हायरस येऊन बसला. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहे; दिवसाचा डेटा मोजका, रात्री १२ ते सकाळी ६ मात्र मोकळा. काय करावे?

वर्धेकाठचा:
क्यूबिटटोरेंट घ्यावा. तो मुक्त स्रोत असून त्यात जाहिराती नसतात. मात्र तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा. ट्रान्समिशनही चांगला आहे.

विजेचे म्हणाल, तर टोरेंटमध्ये फाईलचे लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची ओळख पटवणारा हॅश (खुणेचा आकडा) टोरेंट फाईलमध्येच नोंदलेला असतो. त्यामुळे वीज गेली तरी डिस्कवर पूर्ण उतरलेले तुकडे वाया जात नाहीत. क्लायंट आपली प्रगती ठरावीक अंतराने नोंदवत असल्याने वीज आल्यावर आकडा कधीकधी मागे गेलेला दिसतो. तेव्हा घाबरून टोरेंट काढून टाकू नये, उजवी कळ दाबून ‘फोर्स रीचेक’ करावे, म्हणजे क्लायंट डिस्कवरचे तुकडे पुन्हा तपासतो. आमच्याकडे एकदा ६२ टक्क्यांवरून ४० वर आलेला आकडा असाच परत वर गेला.

रात्री दोनला वीज येते तेव्हा संगणक सुरू करायला कोणी जागे नसते. त्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याचा पर्याय शोधावा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो असतो. मग क्लायंटही संगणकासोबत सुरू होईल आणि लॉगिनला पासवर्ड अडवणार नाही, एवढे पाहावे.

संत्रा_बाग:
वरील उत्तरात डेटाची बाजू राहिली. टोरेंट उतरवताना आपल्याकडील तुकडे इतरांना पाठवतो आणि तोही डेटा आपल्याच खात्यातून जातो. क्यूबिटटोरेंटच्या ऑप्शन्समधील स्पीड या भागात पर्यायी वेगमर्यादा सेकंदाला १ केआयबी (१०२४ बाइट) ठेवून तिचे वेळापत्रक सकाळी ६ ते रात्री १२ असे लावावे. तिथे शून्य लिहू नये, कारण शून्याचा अर्थ बंद नसून अमर्याद असा आहे. मी तो लिहिला आणि दुपारपर्यंत दिवसभराचा डेटा संपवून बसलो. १ केआयबीने अठरा तासांत उतरवण्यासाठी जेमतेम ६५ एमबी जातात. फाईल पूर्ण झाल्यावर मात्र रात्रीच्या मोकळ्या वेळेत काही दिवस सीडिंग, म्हणजे इतरांना ती फाईल पाठवणे, चालू ठेवावे. आपल्यालाही ती कोणीतरी तशीच दिलेली असते.

कपाशीचे_गाव:
दोघांचेही आभार. तीन रात्रींत फाईल पूर्ण झाली. मध्ये दोनदा वीज गेली होती. उरलेल्या चार संगणकांसाठी फाईल पेनड्राइव्हवर घेत होतो, पण ती पूर्ण जाईना.

वर्धेकाठचा:
पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाईल बसत नाही. त्यावरचे आधी दुसरीकडे ठेवून तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करावा.